पहिल्या शतकातली कादंबरी: आधी साल, मग गल्ली, प्रसंग सगळ्यात शेवटी

इ.स. 60, रोम. एक ख्रिस्ती तरुण दिव्याच्या उजेडात बायबल मिटतो, गळ्यातला क्रूस चाचपतो आणि भुयारातल्या चर्चकडे निघतो.

अशी सुरुवात असलेली हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येत असतात. या एका वाक्यात चार चुका आहेत. त्या साली बायबल नावाचं पुस्तक नव्हतं, क्रूस कुणी गळ्यात घालत नव्हतं, चर्चची इमारत नव्हती आणि भुयारं खणायला अजून शंभरेक वर्षं होती. लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली असते, भाषाही बरी असते. चुकतो तो क्रम. आधी प्रसंग सुचतो, त्यात पात्रं येतात आणि काळ शेवटी चिकटवला जातो, पाकिटावरच्या तिकिटासारखा. मग डोक्यात आधीपासून असलेलं नाताळच्या कॅलेंडरवरचं चित्र कागदावर उतरतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. उदाहरणासाठी एकच जागा धरतो: ग्रीसमधलं करिंथ, इ.स. 50-51 चा हिवाळा. तुम्ही दुसरी जागा निवडलीत तरी टप्पे हेच राहतील.

## टप्पा 1: एकच साल धरा

‘पहिलं शतक’ हे साल नव्हे. इ.स. 35 मधला यरुशलेममधला माणूस आणि इ.स. 112 मधला काळ्या समुद्राकाठचा माणूस यांच्यात तीन पिढ्यांचं अंतर आहे. मधल्या काळात जग किती बदललं ते पाहा:

- इ.स. 50 च्या सुमारास ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाची पत्रं लिहायला सुरुवात होते. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकही अजून लिहिलेलं नाही.
- इ.स. 64 च्या जुलैमध्ये रोमला आग लागते आणि नीरो त्याचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडतो.
- इ.स. 70 मध्ये रोमन फौज यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त करते. मार्कचं शुभवर्तमान साधारण याच सुमाराचं मानतात.
- इ.स. 112 च्या आसपास काळ्या समुद्राकाठच्या बिथुनियाचा अधिकारी प्लिनी ख्रिस्ती लोकांचं काय करायचं म्हणून सम्राट ट्राजनला पत्र लिहितो.
- इ.स. 250 मध्ये सम्राट डेशियसच्या हुकमाने सगळ्यांना देवतांना बळी द्यावा लागतो आणि तसा दाखला घ्यावा लागतो. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत.
- इ.स. 313 मध्ये छळ अधिकृतपणे थांबतो.

यातल्या कुठल्या दोन ओळींच्या मध्ये तुमची कथा घडते ते ठरवा. करिंथच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं की पौल तिथे दीड वर्ष राहिला आणि त्याला गल्लियो या अधिकाऱ्यापुढे उभं केलं गेलं. हाच गल्लियो डेल्फीत सापडलेल्या सम्राट क्लौद्याच्या शिलालेखात आहे. त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. 51-52 च्या सुमारास बसते. पौलाच्या आयुष्यातल्या तारखा अभ्यासक याच खुंटीला बांधतात.

तपासणी: ही ओळ भरून टेबलासमोर लावा: “माझी कथा अमुक साली, अमुक ऋतूत सुरू होते. तेव्हा सम्राट अमुक आहे आणि यरुशलेमचं मंदिर उभं आहे किंवा नाही.” ती भरता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: नंतरचं सगळं खोडून टाका

लिहायला बसण्याआधी ही खोडाखोड एकदा करून घ्या, म्हणजे पुढे पानोपानी अडखळावं लागत नाही. इ.स. 51 च्या करिंथसाठी माझी यादी अशी आहे.

क्रूस हे चिन्ह खोडा. त्या काळी वधस्तंभ ही गुलाम आणि बंडखोरांना दिली जाणारी लाजिरवाणी शिक्षा होती. ख्रिस्ताच्या वधस्तंभाची सगळ्यात जुन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रांपैकी एक रोममध्ये भिंतीवर खरडलेलं आहे, साधारण इ.स. 200 च्या सुमाराचं. ते टवाळी आहे: खांबावर गाढवाच्या तोंडाचा माणूस आणि शेजारी लिहिलेलं, अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. तुमच्या नायिकेने गळ्यात क्रूस घातला तर शेजारणीला ते फासाची दोरी गळ्यात घातल्यासारखं वाटेल.

चर्चची इमारत खोडा. मंडळी घरात जमत. उत्खननात सापडलेलं सगळ्यात जुनं पक्कं उदाहरण युफ्रेटीसकाठच्या दुरा-युरोपस इथलं आहे. तेही एक राहतं घर, इ.स. 240 च्या आसपास बदलून घेतलेलं.

25 डिसेंबर खोडा. त्या तारखेची पहिली नोंद चौथ्या शतकातली आहे. रविवारची सुट्टीही खोडा. आठवड्याचा पहिला दिवस हा कामाचाच दिवस होता, त्यामुळे जमायचं तर उजाडण्याआधी किंवा काम उरकून. ‘इ.स.’ हे दोन शब्द पात्रांच्या तोंडातून खोडा. ही कालगणना सहाव्या शतकात निघाली. मिनिटंही खोडा. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे बारा तास करत, त्यामुळे हिवाळ्यातला तास उन्हाळ्यातल्या तासापेक्षा आखूड असे.

स्वयंपाकघरातून टोमॅटो, बटाटा, मिरची आणि मका काढा, ते सगळं अमेरिकेतलं. गोडाला मध आणि अंजीर. मिरे मात्र ठेवा. ते आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून जात होते. त्याच शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वाटाड्या-पुस्तिकेत कल्याण आणि सोपारा या बंदरांचीही नावं आहेत. हे वाचून नायकाला थेट सोपाऱ्याला आणायचा मोह होईल. आवरा.

दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या वेगळ्या सांगतो. पौल दमास्कसच्या वाटेवर येशूचं दर्शन होऊन *घोड्यावरून* पडला असं मूळ मजकुरात कुठेही नाही. घोडा चित्रकारांनी आणला. आणि ‘शौल’चा ‘पौल’ त्या क्षणी झाला नाही. मजकूर फक्त इतकंच म्हणतो की शौलाला पौलही म्हणत. एक नाव घरचं, एक रोमन जगात वावरायचं.

## टप्पा 3: शहर नव्हे, गल्ली

आता नकाशा घ्या. करिंथ ही जुनी ग्रीक नगरी इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केली आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवली. वसवलेल्यांत मुक्त झालेले गुलाम बरेच होते. म्हणजे इ.स. 51 मध्ये तिथल्या ‘जुन्या घराण्यांचं’ वय शंभरच्याही आत आहे. पैसा नवा, मान मिळवायची घाई मोठी. सरकारी शिलालेख लॅटिनमध्ये, बाजारातली भांडणं ग्रीकमध्ये.

शहर एका संयोगीभूमीवर, म्हणजे दोन समुद्रांमधल्या अरुंद पट्टीवर आहे आणि त्याला दोन बंदरं: पश्चिमेला लेखाइओन, पूर्वेला किंख्रिया. दक्षिणेकडचा समुद्रवळसा टाळायला माल इथून पलीकडे नेत. त्यामुळे हमाल, खलाशी, गोदामवाले, शिवणकामवाले सगळे इथे. दर दोन वर्षांनी जवळच इस्थमियाचे खेळ भरत आणि गर्दीला निवारा लागे. तंबू शिवणाऱ्या पौलाने, अक्विल्लाने आणि प्रिस्किल्लाने करिंथमध्ये दुकान का मांडलं, हे नकाशा पाच मिनिटं पाहिला की कळतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला नुकतेच रोमहून आलेले होते, कारण क्लौद्याने यहूद्यांना तिथून घालवलं होतं.

आता एक गल्ली निवडा आणि तिचं चित्र स्वतः काढा. दुकान कुठे, पाणी कुठून येतं, दुर्गंधी कुठल्या बाजूने येते, रात्री दिवा कुणाच्या खिडकीत असतो. वाईट चित्र चालेल.

खबरदारी: गुगलवर ‘प्राचीन रोम’ शोधून आलेलं संगमरवरी चित्र जशास तसं घेऊ नका. तिथला भव्य कोलोसियम इ.स. 80 मध्ये उघडला. नीरोच्या काळातल्या कथेत तो आला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

## टप्पा 4: पात्राचा धंदा आधी, श्रद्धा नंतर

बहुतेकजण पात्राची श्रद्धा ठरवून टाकतात आणि धंदा राहून जातो. मग ते पात्र दिवसभर प्रार्थना करतं आणि रात्री प्रवचन ऐकतं. उलटं करा. माणूस काय कमावतो, कुणाचं देणं लागतो, कुणाला घाबरतो हे लिहा. श्रद्धेमुळे यातलं काय मोडणार आहे ते पुढे आपोआप दिसेल.

समजा, आपली नायिका मुक्त झालेली गुलाम आहे, वय तीस, कातडं शिवते. मुक्त झाली म्हणजे मोकळी झाली असं नाही. जुन्या मालकाशी तिचं नातं संपत नाही. त्याची कामं करून द्यावी लागतात, मान राखावा लागतो. तिचा मुलगा ती गुलाम असताना जन्मला असेल तर तो अजून मालकाचाच आहे. कादंबरीला कणा मिळाला. देवाचं नाव अजून निघालेलंही नाही.

इथे मराठी लेखक हमखास घसरतो: गुलामगिरीला जातिव्यवस्थेचा साचा लावतो. दोन्हींत अपमान आहे, पण यंत्रणा वेगळी. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होऊ शकत असे आणि त्याची मुलं शहरात पुढारपण करू शकत. गुलाम कुठल्याही वंशाचा असे, कधी कधी मालकापेक्षा जास्त शिकलेला. अनुभवातली धग घ्या, साचा घेऊ नका.

## टप्पा 5: वाचायचा क्रम

आधी पौलाची पत्रं, मग ‘प्रेषितांची कृत्ये’, मग रोमन लेखक, आणि आजचे अभ्यासग्रंथ सगळ्यात शेवटी. पत्रं आधी, कारण ती घडत्या काळातली आहेत. ‘कृत्ये’ काही दशकांनंतर लिहिलेलं आहे. दोन्हींत विसंगती दिसली तर घाबरू नका, तिची नोंद ठेवा.

करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र हातात पेन घेऊन वाचा. ते इ.स. 51 नंतर थोड्याच वर्षांनी लिहिलेलं आहे आणि त्या मंडळीतली भांडणं त्यात उघडी पडली आहेत. कोण कोणाच्या गटात, कोण कोर्टात गेलं, कोणाच्या घरी काय चाललंय. त्यातली एक जागा मला फार आवडते. पौल सांगतो की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज मी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही. लगेच आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कुणाचा केला असला तर लक्षात नाही. तोंडी सांगणारा माणूस, समोर लिहून घेणारा आणि मधेच झालेली ही विसर. संवाद कसे लिहायचे याचा धडा आयता मिळतो.

प्लिनीचं पत्र कथा इ.स. 112 ची नसली तरी वाचा. उजाडण्यापूर्वी जमणं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गाणं, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ, नंतर साधं जेवण, हे सगळं एका वैतागलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडून येतं. चौकशीत त्याने दोन गुलाम स्त्रियांना यातना दिल्या. मंडळीत त्यांना सेविका म्हणत.

तपासणी: वहीत तीन रकाने करा: ‘नोंद आहे’, ‘शक्य आहे’, ‘मी रचलं’. प्रत्येक तपशील एका रकान्यात गेलाच पाहिजे. ‘नोंद आहे’ याच्या विरोधात जायचं नाही. ‘शक्य आहे’ यात हवं तितकं खेळा.

## टप्पा 6: मराठी कुठली?

हा टप्पा सगळे गाळतात, आणि हस्तलिखितं इथेच सर्वांत जास्त पडतात.

आपल्या कानात ऐतिहासिक कादंबरी म्हणजे शिवकाल. त्यामुळे रोमन शिपाई मुजरा करतो, ‘जी सरकार’ म्हणतो आणि फर्मान घेऊन दौडत जातो. दुसऱ्या टोकाला पौराणिक नाटकाची भाषा: ‘हे भगिनी, तुझे कल्याण असो’. तिसरा प्रकार इंग्रजी सिनेमाच्या उपशीर्षकांचा. तिन्ही टाळा. साधी, आजची, पण इंग्रजी शब्द न डोकावणारी बोली ठेवा. करिंथमधले लोक आपसात रोजचं ग्रीकच बोलत होते, ग्रंथातलं नाही.

नावांचा नियम एकदाच ठरवा. पौल, पेत्र, प्रिस्किल्ला ही मराठी बायबलातली रूपं वाचकाच्या ओळखीची आहेत. ती घेतलीत तर पुढच्या पानावर ‘पॉल’ आणि ‘प्रिसिला’ नको. संज्ञांचंही तेच. मराठी प्रॉटेस्टंट घरात ‘मंडळी’ आणि ‘बाप्तिस्मा’ म्हणतील, वसईच्या कॅथलिक घरात ‘ख्रिस्तसभा’ आणि ‘स्नानसंस्कार’ कानावर येईल. करिंथच्या कथेला ‘मंडळी’ जास्त बसतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जमलेली माणसं असाच आहे. आणि मराठीत ‘काय मंडळी, जेवलात का?’ असंही म्हणता येतं, हा फायदा सोडू नका.

‘ख्रिस्ती’ हा शब्द जपून वापरा. ते नाव प्रथम अंत्युखियात पडलं आणि ते बहुधा बाहेरच्यांनी दिलेलं. आतले लोक एकमेकांना भाऊ, बहीण, पवित्र जन म्हणत. ‘हा मार्ग’ असाही उल्लेख आहे. करिंथच्या बाजारातल्या माणसाला ते यहूद्यांचाच एखादा पंथ वाटणार. गल्लियोने तरी काय केलं? हा तुमच्या शब्दांचा, नावांचा आणि तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तुमचं तुम्ही पाहा, असं म्हणून सगळ्यांना न्यायासनापुढून घालवून दिलं.

खबरदारी: याच कारणासाठी ‘ख्रिस्ती विरुद्ध यहूदी’ अशी मांडणी करू नका. पौल यहूदी, प्रिस्किल्ला-अक्विल्ला यहूदी, क्रिस्प तर यहूद्यांच्या सभास्थानाचा (प्रार्थनागृहाचा) अधिकारी. हा एका घरातला तंटा आहे. यहूद्यांना सरसकट खलनायक करणं हे इतिहासाला धरून नाही आणि त्याचे पुढच्या शतकांत झालेले परिणाम भयानक आहेत.

## टप्पा 7: आता प्रसंग लिहा, आणि सुरुवात जेवणाने करा

छळाने सुरुवात करू नका. इ.स. 51 च्या करिंथमध्ये ख्रिस्ती माणसामागे शिपाई लागलेले नव्हते. नीरोने केलं ते रोम शहरात. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो त्यात जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकणं आहे, वधस्तंभ आहेत, रात्री उजेडासाठी जाळणं आहे; जागा नीरोच्या बागा. सिंहांचा उल्लेख तिथे नाही. साम्राज्यभर हुकूम निघाला तो डेशियसच्या वेळी. तोवर छळ होता, पण कुठे कुठे, कधी कधी, आणि बरेचदा शेजाऱ्यांच्या कुरबुरीतून सुरू झालेला. ट्राजनने तर प्लिनीला लिहिलं की या लोकांना शोधत फिरू नका आणि निनावी तक्रारी घेऊ नका.

मग ताण कुठून आणायचा? ताटातून. मराठी लेखकाला इथे मोठी सोय आहे. करिंथच्या मंडळीतले दोन मोठे तंटे जेवणाचे होते आणि दोन्हींना आपल्याकडे तयार शब्द आहेत.

पहिला नैवेद्याचा. मूर्तीला वाहिलेलं मांस खायचं की नाही? बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस देवळातल्या बळीचं असे. कारागिरांच्या संघाची मेजवानी, शेजाऱ्याच्या घरचं कार्य, आजारातून उठल्याचा नवस, सगळीकडे देवता हजर. आपली कातडं शिवणारी बाई जुन्या मालकाच्या घरच्या जेवणाला गेली नाही तर मुलाची सुटका लांबते. गेली आणि खाल्लं तर मंडळीतल्या कुणाचं तरी मन मोडतं. प्रसादाचा हात पुढे आला असताना काय करावं, या पेचातून गेलेलं एखादं मराठी ख्रिस्ती घर तुमच्या ओळखीत असेल तर त्यांच्याशी बोला. कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त मिळेल.

दुसरा पंक्तिभेद. पौल चिडून लिहितो की तुम्ही एकत्र जमता तेव्हा एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. प्रसंग असा मांडा: सधन माणसाचं घर, जेवणघरात तीन बाजूंना तीन पलंग, रीतीप्रमाणे त्यावर नऊजण रेललेले. उरलेले बाहेर चौकात. पलंगावरचे लवकर आले कारण त्यांना काम नाही. बंदरावरचा हमाल आणि गुलाम पोरगी अंधार पडल्यावर येतात, तोवर भांड्यात तळ दिसतो. आणि मग घरमालक म्हणतो, आता प्रभूच्या आठवणीची भाकर मोडू या. नायिकेने त्या क्षणी काय केलं? तुमचा पहिला अध्याय हाच.

लिहिताना प्रत्येक परिच्छेदाला एक प्रश्न विचारा: हे पात्राला माहीत आहे का? त्यांना माहीत नाही की ही सुरुवात आहे. त्यातल्या अनेकांना तर वाटत होतं की शेवट जवळ आला आहे. ‘एक दिवस सगळं जग हे नाव घेईल’ असलं वाक्य सुचलं की खोडा.

## टप्पा 8: प्रवास आणि टपाल यांचं गणित

थोडक्यात. पायी दिवसाला साधारण 25-30 किलोमीटर धरा. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत समुद्र जवळपास बंद, त्यामुळे आपल्या हिवाळ्याच्या कथेत रोमहून ताजी बातमी सहजी येणार नाही. सरकारी टपाल सरकारसाठीच. खासगी पत्र ओळखीचा माणूस जाईल तेव्हा जायचं. पौलाने रोमकरांस लिहिलेलं पत्र किंख्रियाच्या फिबीने नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते लिहून घेणारा तर्तियस तर शेवटी स्वतःचा नमस्कारही घुसवतो. पत्र एकजण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. एकट्याने कोपऱ्यात बसून पत्र वाचणारी नायिका नको.

## टप्पा 9: बाहेरचे डोळे

मसुदा झाला की तीन वाचक शोधा. एक मराठी ख्रिस्ती घरातला, शब्द कुठे खटकतात हे सांगायला. एक प्राचीन इतिहास शिकलेला. एक ज्याला यातलं काहीही माहीत नाही. तिघांना एकच हस्तलिखित द्या, पण सूचना वेगवेगळ्या. तिसऱ्याला फक्त एवढंच सांगा की कंटाळा आला तिथे पेन्सिलीने रेघ मार. माझा अनुभव असा की ती रेघ हटकून त्या पानावर पडते जिथे लेखकाने वहीतला ‘नोंद आहे’ हा रकाना अख्खा ओतलेला असतो. ते पान कापा.

पुस्तकाच्या शेवटी दीड पानाची टीप ठेवा: कोण खरे, कोण रचलेले, तारखा कुठे सरकवल्या. गल्लियो खरा, डेल्फीचा दगड खरा, ती कातडं शिवणारी बाई तुमची.